प्रोबायोटिकचं पाकीट आणि आपला चौका



मागे दह्याच्या मर्यादेविषयी लिहिलं होतं. आजचा विषय त्याच्याच चुलत नात्यातला आहे, प्रोबायोटिक. पूर्वी हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता होता. आता मेडिकलच्या काउंटरवर, टीव्हीवर, सुनांच्या ऑनलाइन खरेदीत, सगळीकडे आहे. पोट फुगलं, प्रोबायोटिक घ्या. केस गळतात, प्रोबायोटिक घ्या. आणि आपल्या घरात मग तो प्रश्न येतो, जो जाहिरात करणाऱ्याच्या स्वप्नातही नसतो: "हे आपल्याला चालतं का?"

ह्या "चालतं का" मध्ये खरं तर दोन प्रश्न आहेत. उपयोग होतो का, हा एक. नियमात बसतं का, हा दुसरा. आपण बायका दोन्ही एकत्र कालवतो आणि मग एक तर डोळे मिटून घेतो, नाही तर डोळे मिटून नाकारतो. माझं मत आधीच सांगून टाकते. प्रोबायोटिक हे औषधासारखं वागवावं: ठरावीक कारणासाठी, ठरावीक जातीचं, मोजक्या दिवसांचं. तसं वागवलं की दोन्ही प्रश्न निम्मे सोपे होतात.

आधी शब्दाचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली जी व्याख्या केली तिचा भाव असा: जिवंत सूक्ष्मजीव, जे पुरेशा प्रमाणात दिले तर घेणाऱ्याच्या प्रकृतीला फायदा होतो. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. जिवंत हवेत. पुरेसे हवेत. आणि फायदा सिद्ध झालेला हवा. कल्पना मात्र जुनी आहे. मेचनिकॉफ नावाचे शास्त्रज्ञ होते, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्यांना १९०८चं नोबेल मिळालं. बल्गेरियातले खेडूत आंबट दूध खातात म्हणून दीर्घायुषी असतात, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते स्वतःही आंबट दूध घेत. आपल्या आज्यांनी ताकाबद्दल वेगळं काय सांगितलं होतं?

आता अक्कांची गोष्ट. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, वय चौऱ्याहत्तर. दुसऱ्या प्रतिमेचे नियम आहेत. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, दिवसाही प्रासुक पाणीच, दही चोवीस तासांच्या आतलं, तेही त्यांच्या चौक्यातलं. गेल्या आषाढात चातुर्मास नुकताच बसला होता आणि त्यांना लघवीचा संसर्ग झाला. सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले, दिवसाला सात-आठ वेळा. त्या वयात, आणि रात्री पाणी न घेणाऱ्या माणसाला, ही साधी गोष्ट नाही. दोन दिवसांत डोळे आत गेले. डॉक्टरांनी ताप नाही, शौचातून रक्त नाही हे बघितलं, तपासणीला नमुना पाठवला, दिवसभर थोडं थोडं ओआरएस द्यायला सांगितलं आणि एक कॅप्सूल लिहून दिली. प्रोबायोटिकची.

अक्कांनी कॅप्सूल हातात घेतली आणि विचारलं, "वैनी, ह्यात काय आहे?"

मी सांगितलं. जिवंत सूक्ष्मजीव आहेत, पोटातली घडी बसवायला.

"म्हणजे पाणी गाळून, उकळून पिणारी मी, आणि ह्या वयात कोट्यवधी जीव मुद्दाम गिळायचे व्हय?"

घरातली पोरं हसली. मला हसू आलं नाही. प्रश्न खरा होता. ज्या बाईनं चाळीस वर्षं पाव खाल्ला नाही, कारण त्यात खमीर असतं, तिनं हा प्रश्न विचारला नसता तरच नवल.

मी हिशेबाच्या वाटेनं गेले, मला तीच वाट येते. आपल्या शरीरात मुळातच किती जिवाणू असतात याचा २०१६ साली शास्त्रज्ञांनी एक अंदाज बांधला आहे, सुमारे ३८ लाख कोटी. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. एका चांगल्या कॅप्सूलमध्ये साधारण १००० कोटी धरले, तरी ते आपल्या आतल्या वस्तीच्या अडतीसशेव्या भागाइतके झाले. दह्याच्या वाटीतही कोट्यवधी असतात. अक्का म्हणाल्या, दह्याची मर्यादा शास्त्रानं सांगितली आहे, ह्याची कुठं सांगितली आहे? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ओढूनताणून द्यायचंही नव्हतं. तेव्हा बस्तीत चातुर्मासासाठी थांबलेल्या माताजींकडे निरोप पाठवला.

माताजींनी उलट तीन गोष्टी विचारल्या. त्यात त्रसजीवाच्या शरीराचा अंश आहे का? ते खरंच गरजेचं आहे का? आणि किती दिवस? पहिल्याचं उत्तर "आहे" असेल तर पुढचं विचारूच नका, म्हणाल्या. हे त्यांचं मार्गदर्शन अक्कांपुरतं होतं. तुमच्या संघात वेगळं सांगतील, तुम्ही तुमच्या महाराजांना विचारा. पण प्रश्नांचा तो क्रम मला फार पटला, कारण आमची नजर जिवाणूंवर खिळली होती आणि खरी अडचण कॅप्सूलच्या कवचात होती.

पट्टीच्या मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, "हार्ड जिलेटिन कॅप्सूल" लिहिलेलं होतं. मोबाइलनं फोटो काढून मोठा केला तेव्हा वाचता आलं. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडं उकळून काढलेला पदार्थ. पंचेंद्रिय प्राण्याचा. मेडिकलवाल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "काकू, आता सगळ्या व्हेजच येतात." असं नसतं. पट्टीवर एचपीएमसी किंवा हायप्रोमेलोज लिहिलं असेल तर ते वनस्पतीच्या तंतूपासून बनवलेलं कवच असतं. जिलेटिन लिहिलं असेल तर ते जिलेटिनच. आणि काहीच लिहिलं नसेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

हिरव्या ठिपक्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. ठिपक्याचा नियम खाद्यपदार्थांचा आहे, औषधांना तो बंधनकारक नाही. गंमत अशी की तोच सूक्ष्मजीव एका कंपनीकडून औषध म्हणून विकला जातो आणि दुसरीकडून पूरक आहार म्हणून. पूरक आहार असेल तर पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि ठिपकाही असतो. औषध असेल तर दोन्ही नसतात, मग आपला चष्मा आणि आपणच.

डॉक्टरांना फोन केला. याचीच पूड मिळते का? मिळते, म्हणाले. २५० मिलिग्रॅमचं पाकीट. त्यातला सूक्ष्मजीव जिवाणू नव्हताच, यीस्ट होतं, सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं. याची जन्मकथा मी अक्कांना सांगितली. आंरी बुलार्ड नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ १९२०च्या दशकात इंडोचायनात होते. पटकीची साथ होती. तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून तो काढा प्यायचे आणि काहींचे जुलाब थांबायचे. त्या फळांच्या सालींवरून बुलार्ड यांनी हे यीस्ट वेगळं केलं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला मारत नाही, म्हणून अँटिबायोटिक चालू असताना ते टिकून राहतं. डॉक्टरांनी ते का लिहिलं होतं, हे तेव्हा मला नीट कळलं.

फळाच्या सालीचं ऐकून अक्कांचा चेहरा जरा सैल झाला. पण मी पुढचंही सांगितलं, की पावात घालतात ते यीस्ट याचंच सख्खं भावंड. सांगितलं नसतं तर चाललं असतं, घरातल्यांचं तेच म्हणणं होतं. मला तसं वागता येत नाही. व्रत त्यांचं आहे, तर माहितीही पूर्ण त्यांचीच.

त्या रात्री त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी सामायिक झाल्यावर म्हणाल्या, "पाच दिवस घेते. औषध म्हणून. आणि तेवढे दिवस गोड रसाचा त्याग." निर्णय त्यांचाच होता, मी फक्त डब्यातली साखर दिसणार नाही अशी ठेवली.

मग वेळापत्रक. हा आपल्या घरांचा खास प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते. अँटिबायोटिक बारा तासांनी घ्यायचं होतं. सूर्योदयानंतर दोन घडी गेल्यावर पहिली गोळी, सूर्यास्ताच्या दोन घडी आधी दुसरी. आषाढात आमच्या सांगलीकडे सूर्य सातनंतर मावळतो, त्यामुळे सकाळी सात आणि संध्याकाळी सहा असं अंतर अकरा तासांचं निघालं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ह्या औषधासाठी चालेल असं सांगितलं. प्रत्येक औषधाला चालेलच असं नाही, हिवाळ्यात दिवस लहान असतो तेव्हा तर विचाराच. प्रोबायोटिक यीस्टऐवजी जिवाणूचं असेल तर अँटिबायोटिकपासून निदान दोन तास लांब ठेवतात, नाही तर दिलेले जिवाणू तिथल्या तिथे मरायचे. आणि पाकीट प्रासुक पाण्यात कालवायचं तर पाणी पूर्ण गार झालेलं हवं. उकळून नुकतंच उतरवलेल्या पाण्यात टाकलं तर सगळाच खेळ संपतो, पैसे वाया आणि हिंसा पदरात.

तिसऱ्या दिवसापासून जुलाब उतरले. ते पाकिटानं उतरले की अँटिबायोटिक संपत आलं म्हणून, हे छातीठोक कोण सांगणार? तपासणीतही काही वाईट निघालं नाही. अँटिबायोटिकचे जुलाब बहुतेकदा आपले आपण थांबतात. ओआरएसनं अक्का तगल्या, हे मात्र मी नक्की सांगेन.

उपयोगाबद्दल शास्त्र काय म्हणतं ते बघितलं तर ते जाहिरातीपेक्षा पुष्कळ मोजकं बोलतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली मार्गदर्शिका काढली. अँटिबायोटिक घेताना होणारा एक विशिष्ट गंभीर जुलाब टाळण्यासाठी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी, अशा थोड्याच ठिकाणी काही ठरावीक जाती सुचवल्या आहेत. पोट फुगणं, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब असं जे वर्षानुवर्षं चालतं, त्याला प्रयोगाबाहेर देण्याइतका पुरावा त्यांना दिसला नाही. आणि २०१८ साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेत एक छोटा अभ्यास झाला, वीसेक माणसांवरचा. अँटिबायोटिकनंतर ज्यांना अकरा जातींचं मिश्र प्रोबायोटिक दिलं, त्यांची मूळची आतली वस्ती परत बसायला, काहीच न दिलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं फेकून देऊ नये. पण "घेऊन ठेवा, नुकसान तर नाही" हे वाक्य मी त्यानंतर कुणाला म्हणत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे, केमोथेरपी चालू आहे, मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे, त्यांना तर हे जिवंत सूक्ष्मजीव रक्तात शिरून घातक ठरू शकतात. तिथे डॉक्टरांशिवाय हात लावायचा नाही.

आता लेबल. बी.कॉम.ला आम्हाला ताळेबंद वाचताना आधी खालच्या टिपा वाचायला शिकवलं होतं, नफ्याचा मोठा आकडा नंतर. इथेही तसंच. पुढच्या बाजूला "५००० कोटी!" असतं, खरी गोष्ट मागे असते. पहिलं बघायचं ते पूर्ण नाव. नुसतं "लॅक्टोबॅसिलस" म्हणजे नुसतं आडनाव. त्यापुढे जातीचं नाव आणि त्यापुढे वाणाची अक्षरं किंवा क्रमांक हवा. ऱ्हॅम्नोसस जीजी यातलं "जीजी" महत्त्वाचं, ती गोर्बाख आणि गोल्डिन या दोन शास्त्रज्ञांच्या आडनावांची आद्याक्षरं आहेत आणि अभ्यास त्या वाणावर झाले आहेत. दुसऱ्या वाणाला त्याचं श्रेय देता येत नाही. पाटलांच्या एका मुलानं शेत कसलं म्हणून सगळ्या पाटलांना पीक येत नाही.

मग संख्या, सीएफयूमध्ये देतात. आपल्याकडच्या नियमांत प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी हवेत असं धरलं आहे, आणि वापराची मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील ते लिहायला सांगितलं आहे. "उत्पादनाच्या वेळी" एवढंच लिहिलेलं असेल तर तो सुरुवातीचा शिलकी आकडा, अखेरची शिल्लक नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून आलेल्या डब्यात अखेरची शिल्लक काय असेल, विचार करा. बॅसिलस क्लॉसीसारखे बीजाणू रूपातले जिवाणू उष्णतेला बरेच टिकतात, पाच मिलीच्या छोट्या नळ्यांत मिळतात ते. त्यांना कवचाचा प्रश्नही नाही. लॅक्टोबॅसिलस, बायफिडो ही नाजूक मंडळी.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, घटकांची यादी. यात तीन चोर आहेत. एक तर इन्युलिन. प्रोबायोटिकबरोबर त्याचं खाद्य म्हणून घालतात, आणि ते बहुतेक चिकोरीच्या मुळापासून काढतात. म्हणजे कंदमूळच. फिल्टर कॉफीत मिसळतात तीच ही चिकोरी, कॉफी घेणाऱ्यांनी तेही बघावं. दुसरा, बटाट्याचा स्टार्च, परदेशातून मुलं पाठवतात त्या डब्यांवर हा हमखास सापडतो. तिसरा मॅग्नेशियम स्टिअरेट, तो वनस्पतीपासूनही बनतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही, तेव्हा "वनस्पतीजन्य" असं स्पष्ट लिहिलेलं बघावं. हिरवा ठिपका असला तरी चिकोरी आणि बटाटा त्यात बसतातच, ठिपक्याला कंदमूळ कळत नाही. ज्या मिश्रणावर जिवाणू वाढवले ते तर लेबलवर येतच नाही. ते दुधाचं असू शकतं, सोयाचं असू शकतं, मांसाचंही. ज्यांचे नियम कडक आहेत त्यांनी कंपनीला लेखी विचारावं, उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच.

"मग दहीच खावं का?" हा नेहमीचा प्रश्न. दही हे अन्न आहे, उत्तम अन्न आहे. दूध न पचणाऱ्यांना दही सोसतं, कारण त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनंही मान्य केलं आहे. पण चौक्यात नारळाच्या करवंटीच्या तुकड्यानं किंवा चांदीच्या नाण्यानं विरजलेल्या दह्यात नेमका कोणता वाण आहे हे कुणी तपासलेलं नाही, म्हणून काटेकोर अर्थानं त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. म्हणू नये तर नये. जेवणाबरोबर ताजं ताक पिताना मला वाणाचा क्रमांक लागत नाही.

आतल्या वस्तीला खायला घालणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ह्याकडे फार कमी लक्ष जातं. डॉक्टर मंडळी कांदा, लसूण खा म्हणून सांगतात, त्यांच्या यादीत तेच पहिले. आपण काय करायचं? कच्च्या केळ्याची भाजी करा, त्यातला स्टार्च न पचता आतड्यापर्यंत जातो आणि जिवाणू तो खातात. ज्वारीची भाकरी, हुलगे, मटकी, मेथीदाणे. हुलगे-मटकी ताकाबरोबर नको, द्विदल होतं. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ ताज्या ताकात कालवून त्याच दिवशी केलेली आंबील मात्र बिनघोर चालते. रात्रभर आंबवायची नाही. शिजवली की त्यातले जिवाणू राहत नाहीत, पण पोटाला शांत करते आणि धान्याचं सत्त्व असतं. अक्का बऱ्या होताना ह्याच आंबिलीवर होत्या, गुळाशिवाय, मीठ-जिऱ्याची.

शेवटी सुनेच्या डब्याबद्दल. अक्कांचं बघून तिनं "संपूर्ण कुटुंबासाठी" असा साठ कॅप्सूलचा डबा मागवला, २४०० रुपयांचा. रोज एक, म्हणजे माणशी दिवसाला ४० रुपये, वर्षाला १४,६०० रुपये. ती म्हणाली, "आई, प्रकृतीपुढे पैसे काय?" मी म्हटलं, बरोबर आहे, पण आजार कोणता ते सांग. आजार कुणालाच नव्हता. मग दोघींनी मिळून डबा वाचला. सोळा जाती होत्या, एकालाही वाणाचं नाव नाही. आकडा उत्पादनाच्या वेळचा. कवच वनस्पतीचं होतं, हिरवा ठिपका होता. घटकांच्या ओळीत शेवटून दुसरं, इन्युलिन, चिकोरीच्या मुळापासून.

परत करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तिनं तिथेच बसून मोबाइलवर परतीचा अर्ज भरला.